पहिल्या दहा मिनिटांतली माणसं

कुणाचा तरी जीव वाचवलेल्या माणसाला पत्रकारांनी गाठलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. विचार करायला वेळच नव्हता, धावलो. आपण ते विनयाचं बोलणं समजतो आणि पुढे जातो. ते अक्षरशः खरं असावं, असं मानायला मात्र आधार आहे. अमेरिकेत १९०४ साली हार्विक इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. आत अडकलेल्यांना काढायला गेलेले दोघंही त्यात मेले. त्या घटनेनंतर उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्या सामान्य माणसांना पदक देणारा निधी उभारला. तो आजही चालू आहे. डेव्हिड रँड आणि झिव्ह एप्स्टीन या संशोधकांनी या पदकाच्या ५१ मानकऱ्यांच्या मुलाखती तपासल्या आणि २०१४ साली निष्कर्ष मांडला: यातल्या बहुतेकांनी आधी उडी घेतली होती, विचार नंतर केला होता. ज्यांच्याकडे विचाराला थोडा वेळ होता, त्यांच्या बाबतीतही तसंच दिसलं.

पण प्रत्येकाचं तसं नसतं. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईचा हात सुटून लहान मुलगा रुळांवर पडला. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेने धावले, मुलाला फलाटावर ढकललं आणि स्वतः वर चढले, तोवर गाडी येऊन ठेपली होती. ते सीसीटीव्ही चित्रण देशभर पाहिलं गेलं. आपल्यालाही धोका आहे, हा विचार मनात आला होता, असं शेळके यांनी नंतर सांगितलं. विचार आला आणि तरीही ते धावले. रेल्वेने दिलेल्या ५० हजारांच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी त्या माय-लेकरांना दिली. या गोष्टीतली एक बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. शेळके रोज त्याच रुळांवर काम करणारे होते. गाडीचा वेग, फलाटाची उंची, रुळांमधून धावण्याची सवय, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. धाडस त्यांचं होतंच, पण त्याला पाय कामाने दिले होते.

सामान्य माणसांनी जीव वाचवल्याच्या हकिकती एकापाठोपाठ एक वाचत गेलं, की हेच पुन्हा पुन्हा समोर येतं. माणसाला धावावंसं वाटतं. त्याचा तुटवडा आपल्याकडे नाही. पोचल्यावर हातांनी नेमकं काय करायचं आणि उद्या आपल्यामागे काही लागणार नाही ना, हे आधी ठाऊक नसतं, तिथे माणूस मरतो. आपण कौतुक मनाचं करतो आणि हात रिकामे ठेवतो. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती गंभीर आहे.

‘लोक नुसते बघत उभे राहतात’ हे तर आपण गृहीतच धरलेलं आहे. या समजुतीची जगभरातली मुळं बरीचशी न्यू यॉर्कच्या एका बातमीत सापडतात. मार्च १९६४मध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला आणि ३८ शेजारी काही न करता पाहत राहिले, असं छापून आलं. त्यातून मानसशास्त्रात एक शाखाच उभी राहिली. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ साली प्रयोग केला. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचं ऐकू येतं, अशी ती बतावणी होती. ऐकणारा एकटाच आहे असं वाटलं, तर झटका ओसरण्याआधी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं वाटलं, तर फक्त ३१ टक्के. गर्दीत जबाबदारी वाटली जाते, हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला.

मूळ बातमी मात्र सदोष निघाली. सगळ्या ३८ जणांनी काही खून होताना पाहिला नव्हता. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवलं होतं आणि एक शेजारीण जिन्याखाली धावत येऊन मरणाऱ्या किटीला कुशीत धरून बसली होती. ही शेजारीण कित्येक वर्षं कथेतून गळलेली होती. पुढे २०१९ साली रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी अॅम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण तपासलं. दहापैकी नऊ प्रसंगांत किमान एकजण तरी मध्ये पडला होता. आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी पुढे होण्याची शक्यता जास्त होती. प्रयोगशाळेतला माणूस आणि रस्त्यावरचा माणूस यांत मी रस्त्यावरच्यावर विश्वास ठेवेन.

मग आपल्या महामार्गांवर जखमी माणूस पडून का राहतो? इथे उत्तर मनात शोधण्यापेक्षा पोलीस ठाण्यात आणि रुग्णालयाच्या खिडकीवर शोधावं. ‘आपण कशाला मध्ये पडा, नसतं लचांड मागे लागेल’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोललं गेलेलं आहे, आणि ते बोलणारे दुष्ट नव्हते. त्यांनी कुणाला तरी कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालताना पाहिलं होतं. जखमीला घेऊन गेलेल्यालाच ‘तुम्हीच धडक दिलीत का’ असं विचारलेलं पाहिलं होतं, ‘आधी पैसे भरा’ हे ऐकलं होतं. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जखमी माणसावर आधी उपचार करायचे, कागदपत्रं नंतर. त्या प्रकरणात अपघातग्रस्त स्कूटरस्वाराला एका रुग्णालयाने दाखल न करता पोलिसी प्रकरणं घेणाऱ्या दूरच्या रुग्णालयाकडे पाठवलं होतं आणि तो वाटेतच गेला होता. निकाल लागला, पण भीती तशीच राहिली.

२००७ साली दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला एक शाळकरी मुलगा रस्त्यावर जखमी होऊन पडला. लोक जमले, पण त्याला कुणी हलवलं नाही आणि तो गेला. तिवारी यांनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था काढली. संस्थेने २०१३ साली देशपातळीवर पाहणी केली, तेव्हा ७४ टक्के लोकांनी सांगितलं, की अपघातग्रस्ताला मदत करण्याची आपल्याकडून शक्यता कमी आहे. त्यांतल्या ८८ टक्क्यांनी पोलीस आणि कोर्टाच्या कटकटीचं कारण दिलं. म्हणजे प्रश्न निर्दयपणाचा नव्हता. संस्थेने सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिकाही केलेली होती. त्यातून केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने ती देशभर बंधनकारक केली. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आणि २०२०मध्ये त्याचे नियम लागू झाले.

हे कलम प्रत्येक वाहनचालकाला तोंडपाठ असायला हवं, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. अपघातग्रस्ताला सद्हेतूने, काही मोबदल्याची अपेक्षा न धरता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचं नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने ठरवायचं; झालाच, तर त्याचा जबाब त्याच्या सोयीच्या वेळी आणि ठिकाणी घ्यायचा. हे हक्क स्थानिक भाषेत लिहिलेला फलक रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला डॉक्टर ‘गोल्डन अवर’ म्हणतात, त्याची व्याख्याही आता कायद्यात आहे. या तासात गंभीर जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार २०२१पासून ५ हजार रुपये देत असे. ‘राहवीर’ योजनेत २०२५पासून ही रक्कम २५ हजार झाली.

न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतरही, २०१८च्या पाहणीत ८४ टक्के लोकांना अशा संरक्षणाची माहितीच नव्हती. पुढे कायदाही झाला, पण तो टपरीवर, रिक्षा थांब्यावर, एसटी आगारात पोचला नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. पल्स पोलिओचा दिवस घराघरात पोचवणाऱ्या सरकारला हे कलम पोचवता येत नाही, हे मला पटत नाही.

मोठ्या आपत्तीत तर सरकारी यंत्रणा नेहमी दुसरीच पोचते. पहिला पोचतो तो तिथे आधीपासून असलेला माणूस. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला गेलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी नुसता चिखल दिसला. डोंगर गावावर आला होता. त्या चालकाने खबर दिली म्हणून जगाला कळलं. दीडशेवर माणसं गेली, पण मदत सुरू झाली ती त्याच्यामुळे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराच्या लक्षात आलं, की गाड्यांचे दिवे पुलावर जातात आणि नाहीसे होतात. मुसळधार पावसात, अंधारात त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या. त्या गाड्यांत किती माणसं होती, ते कधीच मोजलं गेलं नाही. न घडलेल्या मृत्यूची नोंद कुठल्याच पंचनाम्यात होत नाही.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून हलले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून ते प्रवाशांना बाहेर पडायला सांगत राहिले आणि त्यांच्या केबिनवर गोळ्या झाडल्या गेल्या. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना मजल्याच्या टोकाच्या छोट्या खोलीत हलवलं, दिवे बंद केले. एकीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेलं. दोघांनीही आपलं नेहमीचंच काम केलं, फक्त गोळीबारात केलं. स्थानकातून बाहेर पडायची वाट उद्घोषकाला ठाऊक होती. वॉर्डातली सगळ्यांत सुरक्षित खोली परिचारिकेला ठाऊक होती. आपल्या इमारतीतला दुसरा जिना कुठे आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं?

धावण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली न गेल्याने माणसं मरतात. एप्रिल २०२४मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणकाल्याने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकजण उतरला आणि वायूने बेशुद्ध झाला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याने कमरेला दोर बांधला होता. शेणाच्या टाकीत, मैल्याच्या टाकीत, बंद विहिरीत विषारी वायू साचतो; एका श्वासात भोवळ येते आणि वरच्याला वाटतं, खालचा नुसता पाय घसरून पडला. इतकं कळलं असतं, तर चार माणसं आज घरी असती. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून लोकांना काढणारी होडी क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतल्याने उलटली आणि डझनाहून अधिक लोक बुडाले. कुणालाही मागे ठेवायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांना घेतलं होतं.

बुडणाऱ्याच्या बाबतीत हेच घडतं. तो जिवाच्या आकांताने मिठी मारतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली नेतो. म्हणून पाण्यात उडी हा सगळ्यांत शेवटचा उपाय. आधी काठी पुढे करायची, दोर फेकायचा, रिकामा कॅन फेकायचा, ट्यूब फेकायची. ऑगस्ट २०२०मध्ये तामिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टरै धरणाच्या पाण्यात चार तरुण बुडत होते. काठावरच्या तीन बायकांनी अंगावरची लुगडी सोडली, एकमेकींना जोडली आणि पाण्यात फेकली. दोघं वाचले, दोघं गेले. त्या बायकांना राज्य सरकारचा शौर्य पुरस्कार मिळाला. आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांच्या भिंतींवर तरुण पोरं जातात. अशा प्रत्येक ठिकाणी पंचायतीने एका खांबाला दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवली, तर खर्च किती येईल?

घरातला आणि रस्त्यावरचा सगळ्यांत मोठा प्रश्न हृदयाचा आहे. चालता-बोलता माणूस कोसळतो. आपण काय करतो? गर्दी करतो, पाणी पाजायला बघतो. फेफरं आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा चप्पल लावतो, दातांत चमचा घालतो. यातलं काहीही उपयोगाचं नाही आणि पाणी व चमचा तर घातक आहेत. फेफरं आलेल्याला कुशीवर वळवायचं आणि थांबायचं, बस. पण हृदय बंद पडलेल्याच्या बाबतीत थांबून चालत नाही. सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा उपाय, मिळाला नाही, तर दर मिनिटाला त्याच्या जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाल्या आणि त्या सेवेने असंख्य जीव वाचवले. तरी वाहतुकीतून वाट काढत चार मिनिटांत रुग्णवाहिका पोचेल, असं कुणी म्हणू शकत नाही. ती मिनिटं शेजाऱ्याची, सहकाऱ्याची, बायकोची, मुलाची आहेत.

सीपीआर शिकायला डॉक्टर असावं लागत नाही. १९६० साली बॉल्टिमोरच्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्त फिरतं ठेवता येतं हे मांडलं. ज्याला दोन हात आहेत तो हे करू शकतो, असं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर आधी कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगायचं. मग कठीण जमिनीवर उताणं ठेवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं. तोंडाने श्वास देणं शिकलेलं नसेल, तर नुसतं दाबणंही चालतं. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य माणसासाठी नुसत्या दाबण्याचीच भारतीय पद्धत २०१७ साली आखलेली आहे. बरगडी मोडेल म्हणून लोक घाबरतात. मोडलेली बरगडी भरून येते.

शिकवल्याने फरक पडतो का, याचं उत्तर डेन्मार्कने दिलं. त्या देशाने २००५पासून शाळेत आणि पुढे वाहन परवान्यासाठी सीपीआरचं शिक्षण सक्तीचं केलं, रुग्णवाहिका सेवा आणि उपचारही सुधारले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी आजूबाजूच्या लोकांकडून सीपीआर मिळालेल्यांचं प्रमाण २००१मध्ये सुमारे २१ टक्के होतं, २०१०मध्ये ते जवळपास ४५ टक्के झालं. तीस दिवसांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण याच काळात ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेलं. डॅनिश माणूस आपल्यापेक्षा अधिक दयाळू आहे, असं नाही. त्याला शाळेत शिकवलेलं असतं.

काही जीव हातांनी नव्हे, तर विचारपूस करून वाचतात. सिडनीत समुद्रकड्यासमोर राहणारे डॉन रिची हे निवृत्त विमा विक्रेते. कड्याच्या टोकाशी एकटं उभं असलेलं कुणी दिसलं, की ते जवळ जात, काही मदत हवी का म्हणून विचारत आणि घरी चहाला बोलावत. त्यांनी किमान १६० जणांना परत फिरवलं, असं अधिकृतपणे सांगितलं जातं. ते २०१२ साली वारले. ‘आज अडवलं तरी तो उद्या करेलच’ असं आपल्याकडे अगदी सहज म्हटलं जातं. ते चूक आहे. रिचर्ड सायडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा मागोवा घेतला आणि १९७८ साली प्रसिद्ध केला: त्यांतले सुमारे ९४ टक्के नंतर जिवंत होते किंवा नैसर्गिकरीत्या वारले होते. ती वेळ टळली, की बहुतेक माणसं जगतात. ओळखीत कुणी निरवानिरवीची भाषा बोलत असेल, तर ‘जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का’ असं सरळ विचारावं. विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी दिवसरात्र, मराठीतही चालते.

रक्तदात्यांबद्दल थोडक्यात. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात साधारण दहा हजारांत एकाला असतो, आणि त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. २०२४ साली शिर्डीचा एक फूलव्यापारी इंदूरमधल्या अनोळखी बाईला हे रक्त द्यायला चारशेहून अधिक किलोमीटर गाडीने गेला. इथे धावपळ नाही, कॅमेरा नाही, तरी मला हा प्रवास कुठल्याही उडीइतकाच मोठा वाटतो.

एका गोष्टीबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. वाचवणाऱ्याचं पुढे काय होतं? नॉर्वेतल्या संशोधकांनी सीपीआर देणाऱ्या सामान्य लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कित्येकांना तो चेहरा पुन्हा पुन्हा आठवत होता. आपण आणखी जोराने दाबलं असतं तर, हा प्रश्न छळत होता. अनेकांना तो माणूस जगला की गेला, हेही कळत नाही. कपड्यांवरचं रक्त धुतलं जातं, दुसऱ्या दिवशी कामावर जावं लागतं. आपल्याकडे १९६१पासून जीवन रक्षा पदकं आहेत, मुलांसाठी १९५७पासून शौर्य पुरस्कार आहेत, आणि ते द्यायलाच हवेत. पण पदक मिळतं ते बहुधा वाचवू शकलेल्याला. ज्याने वीस मिनिटं छाती दाबली आणि तरीही समोरचा गेला, त्याला कोण विचारतं? रुग्णालयातल्या डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘तुम्ही करायचं ते सगळं केलंत’ एवढं म्हटलं, तरी त्याची कित्येक रात्रींची झोप वाचेल. पुढच्या वेळी तो पुन्हा पुढे होईल की नाही, हेही त्यावर ठरतं.

शासनाकडे माझी मागणी साधी आहे. आठवीपासून प्रत्येक शाळेत वर्षातून दोन तास सीपीआर, रक्तस्राव थांबवणं आणि पाण्यातली सुटका प्रत्यक्ष हातांनी करून शिकवावी, आणि पक्क्या वाहन परवान्याच्या चाचणीत कलम १३४अ घालावं. वाचकांना विनंती आहे, की त्याची वाट पाहू नका. जवळच्या रेडक्रॉसमध्ये, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गृहनिर्माण संस्थेत डॉक्टर बोलावून या महिन्यात सीपीआर शिका, आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ११२ व १०८ हे क्रमांक आजच नोंदवून ठेवा.